खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली, आता अपील: कोकणातल्या घरच्यांनी काय करायचं

सत्र न्यायालयात खुनाचा गुन्हा शाबीत झाला आणि जन्मठेप लागली की त्या घरातली माणसं दोन तऱ्हांनी वागतात. कोणी हाय खाऊन बसतं, आता सगळं संपलं म्हणतं. कोणी त्याच संध्याकाळी मुंबईतल्या चाकरमान्यांना फोन लावून ‘मोठा वकील’ शोधायला लागतं. मग यंदाची आंब्याची कलमं कोणाला कराराने द्यायची, जमिनीतला हिस्सा कोण घेईल, इथपर्यंत बोलणी जातात. या गोंधळात पहिले पंधरा-वीस दिवस निघून जातात, आणि तेच दिवस सगळ्यात मोलाचे असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या अशा घरांसाठी हे लिहितो आहे. वकिलाचं काम वकील करील. घरच्यांनी करायची कामं वेगळी असतात आणि ती त्यांना क्वचितच कोणी नीट समजावून सांगतं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. अपिलात खटला पहिल्यापासून परत चालत नाही. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. खालच्या कोर्टात झालेल्या साक्षी, उलटतपासण्या, पंचनामे, डॉक्टरांचा अहवाल, आरोपीचा जबाब हे सगळे कागद वर जातात आणि उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती त्यांवरून नव्याने ठरवतात की गुन्हा शाबीत होतो की नाही. अपील कागदावर लढलं जातं. त्यामुळे घरच्यांची सगळी धावपळ कागद मिळवणं, ते सांभाळणं आणि ते वाचणाऱ्या वकिलाच्या हाती वेळेत देणं यासाठी असली पाहिजे.

पहिले साठ दिवस

सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करणं हा हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७४ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१५ आहे. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर निकालात खुनासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ दिसेल, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. आकडे बदलले म्हणून घाबरू नका, खुनाची व्याख्या जवळपास तीच राहिली आहे.

जन्मठेपेविरुद्ध अपिलाची मुदत साठ दिवसांची. फाशीची शिक्षा असेल तर तीस दिवसांची. फाशीचं प्रकरण शिक्कामोर्तबासाठी उच्च न्यायालयाकडे आपोआप जातं, तरी आरोपीने आपलं अपील करायचंच असतं; ‘आपोआप जाणार आहे’ म्हणून गप्प बसू नये.

निकालाची प्रत आरोपीला मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे, असं कायदाच सांगतो (आता कलम ४०४). ही प्रत मागताना संकोच करू नका, ती कोणाची मेहेरबानी नाही. १९७८ साली एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यायची, तुरुंगामार्फत देत असाल तर त्याची लेखी पोच घ्यायची, आणि अपील करण्यासाठी लागेल ती सोय तुरुंगाने करून द्यायची. हे प्रकरण आपल्याच राज्यातलं होतं, आणि प्रत वेळेवर हातात न पडल्यामुळेच अपिलाचा काळ हुकला, असं त्या कैद्याचं म्हणणं होतं.

मोफत प्रतीशिवाय नक्कल विभागातून प्रमाणित नकलेसाठी वेगळा अर्जही करून ठेवा. नकलेच्या शेवटी शिक्के असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. या तारखा पुसट आल्या तर तिथल्या तिथे परत मारून घ्या. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, आणि ते मोजायचे याच शिक्क्यांवरून.

मुदत उलटून गेली असेल तरी दार बंद झालेलं नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो. माणूस आत होता, घरात कमावतं कोणी नाही, प्रत उशिरा मिळाली, ही कारणं न्यायालयं समजून घेतात. पण ती कागदाने दाखवावी लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय सांगितलं ते तारखेसह लिहा.

मुंबई की कोल्हापूर

हे अनेकांना अजून ठाऊक नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर यांच्यासोबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे रत्नागिरीच्या, खेडच्या किंवा ओरोसच्या कोर्टाने शिक्षा दिली असेल तर अपील कोल्हापूरला. अलिबाग, माणगाव किंवा पनवेलच्या कोर्टाची शिक्षा असेल तर रायगड जिल्हा मुंबईकडेच असल्यामुळे मुंबईला.

मंडणगड-दापोलीच्या माणसाला कोल्हापूर गैरसोयीचं वाटेल, सावंतवाडी-कुडाळच्या माणसाला मात्र मोठा दिलासा आहे. पूर्वी एका तारखेसाठी कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास, वर मुंबईत राहायची पंचाईत. आता घाट चढून सकाळी पोचता येतं. पावसाळ्यात करूळ, फोंडा किंवा आंबा घाटाची अवस्था विचारूनच निघा आणि शक्य तर आदल्या दिवशी पोचा. खरं तर अपिलाच्या प्रत्येक तारखेला घरच्यांनी हजर राहायची गरज नसते. वकिलाला फोन करून काय झालं ते वहीत लिहिलंत तरी पुरतं. अपील जुनं असेल आणि मुंबईत दाखल झालं असेल, तर ते आता कुठे बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येतं याची वकिलाकडून खात्री करून घ्या.

आतला माणूस

शिक्षा झाली की कैद्याला रत्नागिरीच्या विशेष कारागृहातून, सावंतवाडी किंवा अलिबागच्या जिल्हा कारागृहातून बहुधा मध्यवर्ती कारागृहात हलवतात. कोल्हापूरचं कळंबा, पुण्याचं येरवडा अशी नावं कानावर येतील. घरच्यांना हे दरवेळी कळवलं जातंच असं नाही. कुठल्या कारागृहात आहे आणि शिक्षाधीन बंदी म्हणून त्याचा क्रमांक काय, हे दोन तपशील मिळवा. पुढच्या प्रत्येक अर्जात ते लागतात.

वकीलपत्रावर कैद्याची सही लागते. वकील ते कारागृह अधीक्षकांकडे पाठवतात, अधिकाऱ्यासमोर सही होते, तुरुंगाचा शिक्का पडतो आणि ते परत येतं. यात दिवस जातात, म्हणून वकील ठरला की पहिलं काम हेच.

वकील ठरतच नसेल तर कैद्याला थेट तुरुंगातून अपील करता येतं. अर्ज आणि निकालाची प्रत अधीक्षकांकडे दिली की ती उच्च न्यायालयाकडे पाठवणं त्यांचं काम असतं (कलम ४२४, जुनं ३८३). याला पैसा लागत नाही. अर्ज देखण्या भाषेत नसला तरी चालतो. मुदत संपत आली आणि वकिलाचा पत्ता नाही, तर भेटीत त्याला इतकंच सांगा: “आजच अर्ज दे आणि पोच माग.” पुढे खासगी वकील केलात तर त्याला हे तुरुंगातलं अपील आठवणीने सांगा, नाहीतर एकाच माणसाची दोन अपिलं वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि गोंधळ होतो.

भेटीसाठी ई-मुलाकातीची सोय असते, तिची चौकशी कारागृहात करा. म्हाताऱ्या आईला घाट चढवून नेण्यापेक्षा वाडीतल्या एखाद्या मुलाच्या मोबाइलवर तोंड दाखवता आलं तर तेही मोठं असतं.

पैसे, वकील आणि जमीन

जमीन विकण्याआधी हा भाग वाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याचं उत्पन्न किती, बागायत किती, हे विचारलं जात नाही. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे निकालाची प्रत घेऊन जा, ते अर्ज उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे पाठवतात. १५१०० ही देशभराची विधी साहाय्य मदतवाहिनी आहे.

‘सरकारी वकील दिला म्हणजे तो सरकारच्याच बाजूचा’ हा समज वाडीवाडीत आहे आणि त्याने फार नुकसान झालं आहे. सरकारी वकील सरकार पक्षाचा असतो, आणि विधी साहाय्यातून मिळालेला वकील तुमचा असतो. फी सरकार भरतं, एवढ्यावरून त्याची निष्ठा बदलत नाही. त्यातले काही अतिशय मेहनती असतात, काही नसतात, आणि हे खासगी वकिलांनाही तितकंच लागू आहे. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर समितीकडे लेखी अर्ज करून बदलून मागता येतो.

खासगी वकील करायचा असेल तर नाव किती मोठं यापेक्षा फौजदारी अपिलं तो स्वतः चालवतो का, ते विचारा. पहिल्या भेटीत निकालपत्र न वाचता “दोन महिन्यांत बाहेर काढतो” म्हणणाऱ्याकडून उठून या. कोणताही प्रामाणिक वकील असा शब्द देत नाही. फी टप्प्याटप्प्याने ठरवा: अपील दाखल करण्याची, जामिनाच्या अर्जाची, अंतिम सुनावणीची. पावती मागा. ‘वर द्यायला’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तो तुम्हाला लुबाडतो आहे, मग तो कितीही ओळखीतला असो.

आरोपी एकापेक्षा जास्त असतील, दोघे भाऊ किंवा बाप-लेक, तर प्रत्येकाचं अपील झालं पाहिजे. एकाचा बचाव ‘मी नुसता उभा होतो, वार त्याने केला’ असा असेल तर दोघांना एकच वकील नको. घरात हे बोलायला जड जातं, पण वकिलाशी मोकळेपणाने बोला.

कागदांची फाईल

एक जाड फाईल करा. तिच्यात निकालपत्र, एफआयआर, दोषारोपपत्र, सगळ्या साक्षीदारांच्या साक्षी उलटतपासासह, घटनास्थळाचा आणि जप्तीचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा म्हणजे सीए रिपोर्ट, आणि आरोपीचा शेवटचा जबाब (जुनं कलम ३१३, आता ३५१) असावेत. यातलं बरंच खालच्या कोर्टातल्या वकिलाकडे असतं. त्याच्यावर राग असला तरी भांडू नका, कागद त्याच्याकडेच आहेत आणि खटल्याची खडान्खडा माहितीही त्यालाच आहे. वरच्या वकिलाची आणि त्याची एकदा गाठ घालून द्या.

मूळ रेकॉर्ड उच्च न्यायालय स्वतः मागवून घेतं आणि त्यावरून पेपरबुक, म्हणजे अपिलाच्या सगळ्या कागदांचा एकत्र बांधलेला संच, तयार होतं. आपल्याकडे साक्षी मराठीत असतात आणि वरचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे भाषांतर होतं. भाषांतरात बारकावे हरवतात. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत साक्षीदार जे बोलला ते आधी प्रमाण मराठीत आणि मग इंग्रजीत गेलेलं असतं. घरातल्या शिकलेल्या माणसाने मराठी साक्ष एकदा शांतपणे वाचून, महत्त्वाच्या ओळी खुणा करून वकिलाला दाखवाव्यात. ‘मांगरात होता’ (बागेतल्या खोपटात) याचं ‘घरात होता’ झालं तर सगळी घटनाच दुसरीकडे सरकते.

निकालपत्र वाचताना शेवटच्या पानापासून सुरुवात करा: कोणत्या कलमांखाली शिक्षा, दंड किती, तो न भरल्यास किती कैद, शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक. मग मागे येऊन न्यायाधीशांनी कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला आणि का, ते परिच्छेद पाहा. वकील हल्ला करणार तो तिथेच.

मुद्दे कुठून निघतात

हे काम वकिलाचं, पण घरच्यांना याची समज असली तर ते नेमकी माहिती देऊ शकतात.

खून कोणी पाहिला असं सांगणारा साक्षीदारच नाही, सगळी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर आहे, अशी प्रकरणं पुष्कळ असतात. अशा वेळी १९८४ सालचा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाया ठरतो. त्यात पाच अटी घातल्या आहेत आणि न्यायालयाने त्यांना पंचशील म्हटलं आहे. थोडक्यात, प्रत्येक परिस्थिती पूर्ण शाबीत हवी, ती आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी, निर्णायक असावी, दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये, आणि साखळी अखंड हवी. एक कडी तुटली की संशयाचा फायदा आरोपीला.

‘शेवटचं सोबत पाहिलं’ हा पुरावा घ्या. जत्रेतून रात्री दोघे एकत्र निघाले आणि दुसऱ्या दिवशी एकाचं प्रेत व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सापडलं. मधला वेळ किती, वाट किती रहदारीची, दुसरं कोणी भेटण्याची शक्यता होती का, यावर त्या पुराव्याचं वजन ठरतं. मृत्यूची वेळ डॉक्टर काय सांगतात ते याच्याशी ताडून पाहायचं.

आरोपीने दाखवलेल्या जागेवरून हत्यार जप्त झालं, हा दुसरा नेहमीचा पुरावा (साक्ष कायद्याचं जुनं कलम २७, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३). कोकणात प्रत्येक घरात कोयती असते, कमरेला आकडीत अडकवून माणूस बागेत जातो. त्यामुळे कोयती सापडली एवढ्याने काही ठरत नाही. तिच्यावर माणसाचं रक्त होतं का, रक्तगट जुळला का, जप्तीच्या वेळी सील लावलं होतं का, मुद्देमाल प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुठे पडून होता, जागा सगळ्यांना उघडी होती की आरोपीलाच ठाऊक असण्यासारखी, पंच कुठले होते आणि साक्षीत फितूर झाले का, हे सगळं पाहायचं. या प्रश्नांची उत्तरं कागदांतच असतात आणि कित्येकदा खालच्या कोर्टात ती नीट मांडलेलीच नसतात.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तर उजेड, अंतर, पाऊस आणि ओळख. जून-जुलैच्या रात्री लाईट गेलेली असताना वीस हातांवरून चेहरा ओळखला म्हणतो, हातात बॅटरी होती का, हे पोलीस जबाबात आहे की कोर्टातच पहिल्यांदा सांगितलं? एफआयआरला उशीर हा मुद्दाही लोक फार ताणतात. दुर्गम वाडीतून पोलीस ठाण्यात पोचायला चार तास लागले तर न्यायालय त्याला उशीर मानणार नाही. उशीर खटकतो तो त्या काळात नावं विचार करून घातली असं दिसलं तर.

आणि एक मुद्दा, ज्याकडे घरचे ‘निर्दोष सुटणार’ या आशेत दुर्लक्ष करतात. बांधावरून, गडग्यावरून, पाणंदीच्या वाटेवरून अचानक भांडण पेटलं, हाताला लागलं ते उचललं, एकच घाव बसला आणि माणूस गेला. हा खून असेलच असं नाही. आधी ठरवलेलं नसेल, राग एकाएकी भडकला असेल आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नसेल आणि तो क्रूरपणेही वागला नसेल, तर तो सदोष मनुष्यवध ठरू शकतो (दंड संहितेचं जुनं कलम ३०४, आता न्याय संहितेचं १०५). त्याच्या दुसऱ्या भागात जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षांची आहे. बरीच वर्षं आत काढलेल्या माणसासाठी हा फरक सुटकेचाच असतो. वकिलाला स्पष्ट विचारा की पूर्ण सुटकेच्या युक्तिवादासोबत हा पर्यायी युक्तिवादही मांडणार का.

या वाटेला जाऊ नका

मयताच्या घरच्यांशी गावकीने बसून तडजोड करून दिली, रक्कम ठरली, कागदावर सह्या झाल्या, तरी खुनाचा गुन्हा कायद्याने मिटवता येत नाही. त्या कागदाने अपील सुटणार नाही. मयताच्या घरच्यांवर मात्र दबाव येतो, आणि त्यांचं दुःख तुमच्याइतकंच खरं आहे.

साक्षीदाराला भेटून “मी खोटं बोललो” असं प्रतिज्ञापत्र लिहून घेणं त्याहून वाईट. अपिलात नवा पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे (कलम ४३२, जुनं ३९१), पण तो अपवादानेच वापरला जातो. मधल्या काळात साक्षीदार खोट्या साक्षीच्या आणि तुम्ही साक्षीदारावर दबाव आणल्याच्या भानगडीत सापडता. काही खरंच नवं हाती लागलं असेल तर ते आधी वकिलाला दाखवा.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज करता येतो (कलम ४३०, जुनं ३८९). जन्मठेपेत न्यायालय सरकार पक्षाला लेखी म्हणणं मांडायची संधी देऊनच निर्णय घेतं. खटल्यात निर्दोष असण्याचं जे गृहीतक होतं ते आता राहिलेलं नसतं, म्हणून हा जामीन सोपा नाही. खटल्याच्या काळात तो जामिनावर होता का आणि वागणूक कशी होती, त्याची भूमिका प्रत्यक्ष वाराची की नुसत्या हजेरीची, निकालात वरवर पाहताच दिसणारी त्रुटी आहे का, किती वर्षं आत गेली, अपील लवकर चालण्याची शक्यता किती, या गोष्टी पाहतात. एकदा अर्ज फेटाळला तरी काही काळाने, परिस्थिती बदलली की पुन्हा करता येतो. अपील वाजवी काळात ऐकता येत नसेल तर माणसाला आत डांबून ठेवणं न्याय्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने काश्मिरा सिंग प्रकरणात १९७७ सालीच म्हटलं आहे.

जामीन मंजूर झाला तरी लगेच सुटका होत नाही. आदेश कोल्हापूरचा, जामीनदार बहुधा मूळ सत्र न्यायालयात द्यायचा, आणि माणूस कळंब्याला किंवा येरवड्याला. या तीन ठिकाणांत कागद फिरतो. जामीनदाराची अडचण कोकणात खास आहे. सातबारा सामाईक, त्यावर आजोबा-पणजोबांच्या वारसांची तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत आणि काही हयात नाहीत. अशा सातबाऱ्यावर ऐपतीचा दाखला मिळवताना दम निघतो. म्हणून अर्जाची सुनावणी चालू असतानाच जामीनदार शोधून ठेवा: स्वतःच्या एकट्याच्या नावावर घर किंवा जमीन असलेला, किंवा पगारदार नोकरी असलेला नातेवाईक. वकिलाला सांगा की जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख जामिनावर सोडण्याची विनंती अर्जातच घाला. गावात किंवा तालुक्यात न जाण्याची अट पडली तर ती काटेकोर पाळा. गणपतीला एक दिवस जाऊन येतो म्हणून अट मोडलेल्याचा जामीन गेला तर पुढच्या अर्जाला तोंड राहत नाही. सणासाठी जायचं असेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते.

थांबण्याचा काळ

अपील दाखल करून घेतलं गेलं, रेकॉर्ड मागवलं, आणि मग शांतता. ही शांतता वर्षानुवर्षं चालते, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं. या काळात प्रकरणाची स्थिती उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अपिलाच्या क्रमांकाने पाहता येते. वाडीतल्या शिकलेल्या पोरावर ते काम सोपवा. पेपरबुक तयार झालं का हे वकिलाला अधूनमधून विचारा, कारण ते झाल्याशिवाय अंतिम सुनावणी होत नाही. कैदी म्हातारा किंवा आजारी असेल तर सुनावणी लवकर घेण्याचा अर्ज करता येतो.

सुनावणीच्या दिवशी वकील आला नाही म्हणून अपील फेटाळलं जाईल, ही भीती बाळगू नका. १९९६ च्या बानी सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शिक्षेविरुद्धचं अपील गैरहजेरीच्या कारणाने निकाली काढता येत नाही, रेकॉर्ड पाहून गुणदोषांवरच निर्णय द्यावा लागतो.

संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, ही तुरुंगाची वेगळी प्रक्रिया आहे, तिचा अर्ज कारागृहातून करायचा. अपील चालू असताना अपिलार्थी दगावला तर घरच्यांनी तीस दिवसांत परवानगी मागून अपील पुढे चालवता येतं. आई-वडील, पती-पत्नी, मुलं, भाऊ-बहीण यांना हा हक्क आहे. माणूस गेला तरी त्याच्या नावावरचा डाग पुसण्याची लढाई घर लढू शकतं.

या वर्षांत गाव बोलेनासं होतं. पाणी, देवळातला मान, लग्नकार्य यांतून घराला बाजूला काढलं जातं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. घरच्यांनी काही गुन्हा केलेला नाही, त्यांना वाळीत टाकणं हाच गुन्हा आहे. पोलीस तक्रार घेत नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

निकाल लागल्यावर

“अपील केलं आणि फाशीच झाली तर?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. वाढीसाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं आणि तेव्हा आरोपीला ऐकून घेतल्याशिवाय निर्णय होत नाही. मयताच्या घरच्यांना आरोपी सुटल्यास किंवा कमी गुन्ह्याची शिक्षा झाल्यास अपिलाचा हक्क आहे. ते तुमच्यावर सूड उगवत नाहीत, आपला हक्क वापरतात.

न्यायालय पूर्ण सोडू शकतं, कमी गुन्ह्याखाली शिक्षा करू शकतं, फेरखटल्याचा आदेश देऊ शकतं किंवा शिक्षा कायम ठेवू शकतं. सुटका झाली तर आदेशात कारागृहाचं नाव आणि कैदी क्रमांक बरोबर आहे ना ते पाहा. मधल्या काळात त्याला दुसरीकडे हलवलेलं असतं आणि आदेश जुन्या पत्त्यावर जातो. वरच्या न्यायालयाने बोलावल्यास हजर राहू, असं सहा महिन्यांचं बंधपत्रही द्यावं लागतं.

शिक्षा कायम झाली आणि तो जामिनावर असेल तर हजर होण्यासाठी मुदत मागा आणि ती पाळा. पुढे सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते, तिची मुदत उच्च न्यायालयाच्या निकालापासून नव्वद दिवसांची. तिथेही विधी सेवा समिती आहे आणि तुरुंगातूनही अर्ज जातो. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित नक्कल लगेच मागा, आणि आपल्या वकिलाकडून पेपरबुकाची प्रत आणि भाषांतरं परत घ्या. दिल्लीतला वकील सगळ्यात आधी तीच मागतो, आणि ती नव्याने तयार करायला बसलात तर नव्वद दिवस पुरत नाहीत.